खांबेटेकाकू आणि वाळूचे डबे

खांबेटेकाकूंना नीट बसलेलं मी चार वर्षांत एकदाच पाहिलं. एरवी बाई उभीच. चहा उभ्याने, भाजी निवडणं उभ्याने, पत्र लिहायचं तर ओट्यावर कागद ठेवून उभ्याने. आमच्याकडे आल्या की एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर आणि चपला पायात तशाच. बसा म्हटलं की म्हणायच्या, "बसायला नाही गो आल्ये, दोन मिनिटांचं काम." मग त्याच अवस्थेत पाऊण तास बोलायच्या. ऐकून ऐकून माझेच पाय दुखायला लागायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन सांगलीहून थेट जयपूरला गेले. आमचे हे बँकेत होते. तिलक नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड आणि खाली खांबेटे. काका विमा कंपनीत अधिकारी, दोघंही मूळचे चिपळूणचे. मुलगी शुभा तेव्हा कॉलेजात होती. घरमालकीण गुप्ता भाभीजी शेजारच्याच घरात राहायच्या.

आम्ही सामान घेऊन आलो त्याच दिवशी काकूंची आणि माझी ओळख झाली. स्टेशनवर बँकेतल्या लोकांनी नव्या सुनेचं स्वागत म्हणून मला गुलाबांचा हार घातला होता, हातात एक गुच्छ दिला होता. मी दोन्ही ट्रंकेवर टाकून पाणी कुठे येतं ते शोधत होते. तेवढ्यात दारात एक उंच, काटकुळी बाई उभी. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, "हार कुठाय?" मी बोट दाखवलं. तिने हार उचलला, एकेक फूल दाबून पाहिलं, सात बाजूला काढली, गुच्छातली चार घेतली आणि जिना उतरून गेली. मला वाटलं, डोक्याने जरा अशी तशी असावी. महिन्याभराने त्यातलंच एक फूल जाड कागदावर चिकटवून, वर पारदर्शक कागद लावून त्यांनी मला आणून दिलं. रंग तसाच, फक्त थोडा गडद. "तुझं या गावातलं पहिलं फूल," म्हणाल्या, आणि मी आभार मानायच्या आत खाली पोचल्यासुद्धा.

फुलं वाळवणं हा त्यांचा उद्योग होता. छंद म्हणवत नाही, कारण छंदात माणूस जरा रमतो. काकू रमायच्या नाहीत, त्यांच्या मागे कुणीतरी लागल्यासारख्या त्या फुलं वाळवायच्या. वाळू तीनदा चाळायची, पत्र्याच्या थाळ्यांतून गच्चीवर तापवायची, मग तुपाच्या रिकाम्या डब्यात तळाशी दोन बोटं वाळू, त्यावर फूल, आणि चमच्याने पाकळी पाकळीच्या मधे वाळू सोडत डबा भरायचा. झाकणावर कागदाची पट्टी आणि तारीख. असे वीस-पंचवीस डबे त्यांच्या घरात सगळ्या खोल्यांतून भिंतीला लागून उभे असत. नाजूक फुलांसाठी त्या वाळूत कॅरमची पावडर मिसळत. त्यामुळे शुभाच्या कॅरमबोर्डावर सोंगट्या कधी धड सरकल्या नाहीत.

घाई कसली ते त्यांनीच एकदा सांगितलं. "आमच्याकडे चिपळूणला पापड वाळायला आठ दिवस लागतात, तेही मधून मधून घाबरत. इथे सकाळचा टॉवेल दुपारी कडक. ही हवा किती दिवस मिळणार गो? पुढची बदली एखाद्या ओल्या गावी झाली की संपलं." दर चार-पाच वर्षांनी बदली होऊन त्यांची सात गावं झाली होती. प्रत्येक गाव सोडताना ऑफिसवाले हार घालतात, शेजारणी गुच्छ देतात, आणि ते सगळं गाडीच्या खिडकीतून कुठल्यातरी नदीत जातं, हे त्यांना सहन व्हायचं नाही. "माणूस खिशात हात घालून, बाजारात जाऊन, आपल्यासाठी फूल आणतो. आणि आपण ते रस्त्यात टाकून मोकळे."

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. देवाला वाहिलेलं फूल त्या घेत नसत, माणसाने माणसाला दिलेलं तेवढंच. गुप्ताजी निवृत्त झाले तेव्हा समारंभातून पन्नासेक हार घरी आले. काकू दोन टोपल्या घेऊनच हजर. भाभीजींना हे मुळीच पसंत नव्हतं. सुकी फुलं घरात ठेवली की लक्ष्मी रुसते, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी अंगणात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकवलं. काकू ऐकत ऐकत हार भरत राहिल्या. दोन महिन्यांनी त्याच हारांतल्या झेंडूच्या पाकळ्यांची कापडी पुरचुंडी, वर गुप्ताजींच्या ऑफिसच्या हारातलं एक गुलाबाचं फूल शिवलेलं, अशी भेट त्या भाभीजींना देऊन आल्या. भाभीजींनी ती कपाटात साड्यांमध्ये ठेवली. लक्ष्मीचा विषय पुन्हा निघाला नाही.

दोष म्हणावा तर त्यांच्या अंगी धीर नव्हता. एकवीस दिवस डबा उघडायचा नाही हे त्या दुसऱ्यांना बजावायच्या आणि स्वतः नवव्या दिवशी "बघू तरी" म्हणून झाकण काढायच्या. फूल अर्धवट ओलं असायचं, वाळू झटकताना पाकळ्या गळायच्या, मग स्वतःवरच चिडायच्या आणि दुसरा डबा उघडायच्या. निम्मी फुलं त्यांच्या या बघू तरीपायी गेली. शुभा त्यांना चिडवायची, "आई, तू बाळाला पण पाच महिन्यांत बाहेर काढून बघितलं असतंस." शुभाचं मराठी हिंदीवर पोसलेलं होतं, पण असले टोमणे तिला नेमके जमायचे.

आणि कूलर. जयपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय माणूस जगतो ते केवळ नाइलाजाने. पण कूलरची हवा ओली, म्हणून डबे असलेल्या खोलीत कूलर लावायचा नाही, आणि डबे सगळ्या खोल्यांत. काका बनियनवर व्हरांड्यात बसून वर्तमानपत्राने वारा घ्यायचे. शिस्तीचा माणूस, बुटांना रोज स्वतः पॉलिश करणारा, घरात शब्द त्यांचाच चालायचा. पण डब्यांच्या बाबतीत त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटायचं. पुढे त्यांचा रागही आला, तोही खूप.

शुभाने लग्न ठरवलं. मुलगा तिच्या वर्गातला, महेश नावाचा, जयपूरजवळच्या चौमूंचा. घरचं बी-बियाण्यांचं दुकान, माणसं खाऊनपिऊन सुखी. काकांनी एकदा ऐकून घेतलं, नाही म्हणाले आणि विषय संपला असं समजले. विषय संपला नव्हता. आखा तीजेच्या, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेच्या आसपास एक दिवस शुभा कपड्यांची पिशवी घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी कळलं की चौमूंला लग्न लागलं. काकांनी काकूंना देवासमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली की त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. आमच्या ह्यांना जिन्यात भेटले तेव्हा ह्यांनी सहज शुभाची चौकशी केली. काका म्हणाले, "ती आम्हाला मेली." आणि ऑफिसला गेले. गावाकडे नातेवाइकांना त्यांनी काहीच कळवलं नाही.

त्या दिवशी काकू चार वेळा वर आल्या आणि चार वेळा काही न बोलता खाली गेल्या. पाचव्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "नीला, माझ्याकडे सात गावांचे हार आहेत. कुठल्या कुठल्या साहेबाने दिलेले. आणि माझ्या मुलीच्या लग्नातलं एक फूल नाही. आज-उद्या त्यांच्या रीतीने ते हार पाण्यात सोडतील." मग जरा थांबून, "तू येशील?"

मी गेले. चांदपोलवरून बस, बाहेर लू, म्हणजे तिकडचा भाजणारा उन्हाळी वारा, वाहत होती. बसमध्ये जागा होती तरी काकू उभ्या. चौमूंला दुकानाच्या कोपऱ्यावर त्या थांबल्या. शपथ मोडायची नव्हती, आणि मीच आत जावं असं ठरलं होतं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. नव्या नवरीच्या गळ्यातला हार मागायला परकी बाई दारात आली तर लोक काय समजतील? करणी-बिरणी करायला आली म्हणून चपलेने हाणतील.

शुभाची सासू जाडजूड, मोकळी बाई होती. तिने मला आधी पाणी दिलं, लाडू दिला, मग मी चाचरत विषय काढला. ती हळहळली. "माला तो कल ही बावड़ी में सिरा दी, बेटी।" म्हणजे कालच पाण्यात सोडली. मी उठले. तेवढ्यात आतून शुभा आली, कोपरापर्यंत मेंदी, डोक्यावर पदर, आणि हातात तुपाचा डबा. झाकणावर कागदाची पट्टी, त्यावर तारीख.

"नीलावहिनी, हे आईला द्या," ती म्हणाली. "मतलब, सगळा हार नाही मिळाला, सिराण्याच्या आधी अकरा फुलं काढून घेतली. बालू तीन बार चाळली आहे. आणि तिला सांगा, एकवीस दिवस उघडू नको. बघू तरी करू नको."

आई आली आहे का, हे तिने विचारलं नाही. सरळ जिना चढून गच्चीवर गेली. मी डबा घेऊन बाहेर आले तर काकू गल्लीत उभ्या राहून वर बघत होत्या आणि शुभा वरून खाली. दोघींपैकी कुणी हात केला नाही. सकाळपासून येरझारा घालणारी ती बाई तेवढ्यापुरती हलली नाही. मला रडू आलं आणि काकांचा मनस्वी राग आला.

परतीच्या बसमध्येही काकू उभ्याच. डबा छातीशी धरलेला. बसलं की सीटचे धक्के थेट फुलांना लागतात, म्हणाल्या. मी निरोप सांगितला तेव्हा फक्त मान हलवली.

त्या एकवीस दिवसांत काकूंची जी तगमग झाली ती सांगून खरी वाटणार नाही. डबा स्वयंपाकघरात फळीवर. दिवसातून दहादा त्याच्यापाशी जायच्या, हात लावायच्या, परत यायच्या. एक धुळीची पिवळी आंधी आली, घरभर माती झाली, तर आधी तो डबा चादरीत गुंडाळला आणि मग खिडक्या लावल्या. कॅलेंडरवर रोज एक फुली. आयुष्यात त्यांनी तो एकच डबा वेळेआधी उघडला नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी मला खाली बोलावलं, वर्तमानपत्रावर वाळू हळूहळू ओतली. अकराच्या अकरा फुलं अख्खी निघाली. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या.

काका तेव्हा कोट्याला आठ दिवसांच्या दौऱ्यावर होते. काकूंनी शुभाचा पदवी घेतानाचा फोटो काढला, सुताराकडून खोल चौकट करून आणली आणि फोटोभोवती ते अकरा गुलाब गोलाकार लावले. वर काच. काम अतिशय सुबक झालं होतं. बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर त्यांनी ती चौकट टांगली. मला पाहताक्षणी काहीतरी खटकलं. मी म्हटलंही, "काकू, फुलं फोटोभोवतीच लावायची का?" त्या म्हणाल्या, "मग कुठे लावू? तिचीच आहेत ती." मला पुढे बोलता आलं नाही. काय खटकलं ते नेमकं कळलं असतं तरी ते तोंडातून निघालं नसतं.

काका ज्या दिवशी परतणार होते त्या दिवशी काकूंनी मला सोबतीला बसवून घेतलं. मी बसले, त्या फेऱ्या मारत होत्या. काका चिडतील, चौकट फेकतील, काय काय त्या मनात धरून होत्या. दार वाजलं. काका एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर चिपळूणचे दत्तूअण्णा होते, त्यांचे चुलतभाऊ. हरिद्वारला निघाले होते, गाडीत योगायोगाने भेटले आणि काका त्यांना घरी घेऊन आले.

दत्तूअण्णा हसत हसत आत आले, काकूंना काहीतरी म्हणणार तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. हसू मावळलं. त्यांनी चपला काढल्या, फोटोसमोर जाऊन हात जोडले आणि डोळे मिटले. मग वळून हलक्या आवाजात काकांना म्हणाले, "कधी झालं रे हे? आणि आम्हाला एक कार्डसुद्धा टाकलं नाहीस?"

मला तेव्हा कळलं, पाहताक्षणी काय खटकलं होतं ते. आपल्याकडे कुणाच्या फोटोला हार घालतात, हे आम्ही दोघी मराठी बायका, इतके दिवस फुलं फुलं करत, साफ विसरलो होतो. काकूंच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला.

काका फोटोकडे बघत होते. त्यांनाही तो पहिल्यांदाच दिसत होता. त्यांना नुसती मान हलवून मोकळं होता आलं असतं. मेली असं तेच म्हणाले होते, आणि समोरचा माणूस तेच खरं धरून चालला होता. चिपळूणात उत्तरं देण्याची कटकटही वाचली असती. काकांनी खुर्ची ओढली, बूट न काढता तिच्यावर चढले, चौकट उतरवली, खिशातल्या रुमालाने काच पुसली आणि ती छातीशी धरून उभे राहिले.

"दत्तू, ती आहे," ते म्हणाले. "चौमूंला असते. तिचं लग्न झालंय." हातातल्या चौकटीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मी गेलो नव्हतो."

काकू स्वयंपाकघरात पळाल्या. मी मागोमाग गेले तर ओट्याला धरून उभ्या होत्या. "मी माझ्या हातांनी हार घातला गो तिला. जित्या पोरीला. मला नुसती फुलंच दिसत होती." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार. बाहेर काका दत्तूअण्णांना महेशच्या दुकानाची माहिती सांगत होते, आणि ती त्यांना बरीच होती.

संध्याकाळी काका स्वयंपाकघराच्या दारात आले. चौमूंची बस कुठून सुटते, त्यांनी विचारलं. चांदपोलवरून, काकू म्हणाल्या. तुला कसं ठाऊक, त्यांनी विचारलं. काकूंनी पोळी उलटली. मग काका देवाकडे जाऊन, शपथ मी घातली होती, मीच सोडवतो, असं मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवरून पाहिलं. काकांनी पॉलिश केलेले बूट घातले होते, हातात निशिगंधाचा मोठा गुच्छ, ओल्या कागदात गुंडाळलेला. स्वतः जाऊन आणलेला, हे मला काकूंनी आधीच येऊन सांगितलं होतं, तेही दोनदा. अकरा गुलाब काकूंनी चौकटीतून काढून डब्यात ठेवले होते आणि तो डबा बरोबर घेतला होता. फोटो मात्र भिंतीवर परत लावला होता, एकटाच. काकू फाटकापर्यंत पुढे जायच्या, मागे यायच्या, काकांना लवकर चला म्हणायच्या आणि परत पुढे.

त्याच सुमारास आमची बदली आली आणि दोन आठवड्यांत आम्ही जयपूर सोडलं. निघताना स्टेशनवर खांबेटे दोघंही आले होते, पण त्या गर्दीत धड बोलणं झालं नाही. त्यांनी वाळवून दिलेलं माझं पहिलं फूल अजून माझ्याकडे आहे. पावसाळा लागला की मी ते तांदळाच्या डब्यात ठेवते. ते काढताना मला आठवते ती काका-काकू चौमूंहून परतल्याची संध्याकाळ.

मी जिन्यात केर काढत होते. काका आत गेले. काकू मागून आल्या. हात रिकामे, डबा नाही, गुच्छ नाही, आजवर बाहेरून फुलांशिवाय आलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "फुलं?"

"राहू दिली तिच्याकडेच," त्या म्हणाल्या. "ती वाळवील."

मग त्यांनी चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. आतून काकांनी कूलर लावला तरी उठल्या नाहीत. मी चहा करून खाली नेला, तो त्यांनी बसून प्यायला.